मामेसासरे आणि एकाच नावाची माणसं

देवाने माणूस घडवला, त्याला नाक दिलं, डोळे दिले, पायाच्या करंगळीला आठवणीने नखसुद्धा बसवलं. पण प्रत्येकाच्या अंगावर कुठेतरी, निदान कानामागे, एक नंबर घालायचा तेवढा तो विसरला, आणि जगात आज जो काही घोळ आहे तो सगळा त्या एका विसरभोळेपणातून निघालेला आहे, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला. ते माझ्या बायकोचे मामा, म्हणजे माझे मामेसासरे. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी संगणक विभाग सांभाळला आणि तिथूनच निवृत्त झाले. बाकीची माणसं निवृत्त होताना शाल नाहीतर भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी येतात. मामा 'प्रायमरी की' घेऊन आले. मी बदलापूरला शाळेत मराठी शिकवतो. मला प्रायमरी म्हटलं की प्राथमिक शाळा आठवते आणि की म्हटलं की किल्ली, त्यामुळे मामा कुठल्यातरी बालवाडीच्या हरवलेल्या किल्लीबद्दल बोलतायत अशीच कित्येक दिवस माझी समजूत होती. किल्ली सापडली की नाही हे विचारायचं मी दोन-तीनदा सौजन्यही दाखवलं. मामांनी प्रत्येक वेळी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढे मी नुसती मान हलवायला शिकलो.

आमची पहिली भेट लग्न ठरण्याआधीची. मुलीचे मामा म्हणून त्यांची पसंती घ्यायला मी आणि माझे वडील अंबरनाथला त्यांच्या घरी गेलो होतो. माझं नाव ऐकून मामांनी तोंड वाकडं केलं. या नावाची पुष्कळ माणसं आमच्या कारखान्यात होती, म्हणाले. मी कसनुसं हसलो. मग ते पुढे सरकून बसले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "समजा, उद्या तुमच्याच नावाचा, तुमच्याच जन्मतारखेचा, बदलापुरातच राहणारा दुसरा एक मुलगा आला. तर आमच्या मुलीने तुम्हाला ओळखायचं कसं?"

"मी सांगेन की, मीच तो."

"तोही तेच सांगेल."

वडिलांना वाटलं, पोराच्या चारित्र्याबद्दल शंका निघाली आहे. ते घसा साफ करून म्हणाले, "आमचा मुलगा निर्व्यसनी आहे." मामा म्हणाले, "निर्व्यसनीही पुष्कळ असतात." तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या आणि त्यांनी "तुम्ही लक्ष देऊ नका, हे सगळ्यांनाच असं विचारतात" असं सांगून आम्हाला सोडवलं, म्हणून आज माझा संसार आहे. परतल्यावर घरात शिरताना वडिलांनी मला हळूच विचारलं, "खरंच आहे का रे दुसरा कोणी?"

पुढे जावई झाल्यावर मामांनी मला तो विषय शिकवायचं मनावर घेतलं. माणसांची माहिती साठवायची तर तिचं एक टेबल करायचं, एका माणसाला एक ओळ, आणि त्या ओळीची खूण म्हणून एक की. ही की कशी असावी? मामा तीन बोटं नाचवत म्हणायचे, "रिकामी नको, दुसऱ्यासारखी नको आणि कधी बदलणारी नको." मला वाटलं, हे सुनेबद्दलच्या अपेक्षा सांगतायत. मग एका टेबलातला नंबर दुसऱ्या टेबलात जाऊन राहतो, त्याला म्हणायचं फॉरेन की. "म्हणजे परदेशी?" मी विचारलं. "परदेशी कसली? सासरी गेलेली मुलगी समजा," मामा म्हणाले, "नांदते त्या घरात, पण मूळ विचारलं तर या घराकडे बोट दाखवते." हे मला थोडंसं कळलं, पण कळलं म्हटल्यावर मामांनी लगेच दोन टेबलं कशी जोडायची ते काढलं, आणि मी पुन्हा बुडालो. त्यांच्या शेजारीणबाईंची अवस्था माझ्याहून वाईट होती. मामा फोनवर कुणाला तरी "आज रात्री तिन्ही टेबलं जोडून टाकतो" असं सांगताना त्यांनी ऐकलं, आणि घरात मोठी पंगत असणार म्हणून बिचाऱ्या पाट नि पातेली द्यायला आल्या.

भांड्यांचं प्रकरण मी स्वतः पाहिलंय. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालून घेतात. मामींच्या वाट्यांवरही मामांचं नाव होतं, सगळ्या वाट्यांवर तेच. मामांना ते सहन होईना. नावावरून घर कळतं, वाटी कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी नावं घालणाऱ्या माणसाला बसवून प्रत्येक वाटीवर वेगळा आकडा घालून घेतला. तो माणूस जाताना मामींना म्हणाला, "वहिनी, साहेबांना जरा विश्रांती द्या." पुढे एक वाटी शेजारी गेली ती परत आलीच नाही. मामींनी नवी आणली आणि तिच्यावर हरवलेल्या वाटीचा आकडा घालायला निघाल्या, तर मामा आडवे आले. गेलेल्याचा नंबर दुसऱ्याला द्यायचा नसतो. "उद्या जुनी परत आली तर ती कुठे उभी राहील?" त्यांनी विचारलं. मामींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, मामांच्या ओळखीचा पडद्याच्या कापडाचा एक सिंधी व्यापारी होता. मामा म्हणजे त्याचा जीव. पण मामांनी त्याच्या दुकानात संगणक बसवून दिला, तेव्हा या प्रेमाची परीक्षा झाली. शेठ गिऱ्हाइकांची नावं लिहीतच नसे. वर्णन लिही. 'लाल गाडीवाली मॅडम', 'हसरा इंजिनियर', 'टिटवाळा मूँछवाला'. मामांनी त्याला समजावलं की वर्णन ही की होऊ शकत नाही, कारण ते बदलतं. शेठ म्हणाला, "साईं, नंबर किसको याद रहता है? मूँछ याद रहती है." मग त्या टिटवाळ्याच्या गृहस्थांचे वडील वारले आणि त्यांनी मिशी काढली. तयार पडदे न्यायला ते तसेच दुकानात आले. शेठने त्यांना ओळखलं नाही, वर्णनात बसत नाहीत म्हणून नवीन गिऱ्हाईक समजून चहा पाजला, कापडं दाखवली. आणि त्यांचे शिवून तयार असलेले पडदे टिटवाळ्याच्याच दुसऱ्या एका मिशीवाल्याच्या घरी पोचते केले. मामा मला साक्षीदार म्हणून बरोबर घेऊन ते परत आणायला गेले. आम्ही पोचलो तर पडदे लागलेले होते. खिडक्यांना अगदी बरोबर बसले होते, कारण दोन्ही इमारती एकाच बिल्डरच्या. घरातल्या बाईंना रंगही आवडला होता. "आमच्या ह्यांनी न सांगता आणले," त्या कौतुकाने म्हणाल्या, आणि त्यांचा मिशीवाला आमच्याकडे असा केविलवाणा बघत होता की मामांसारखा तत्त्वाचा माणूससुद्धा पाणी पिऊन परत फिरला. शेठने दुसरे पडदे शिवून दिले. 'मूँछवाला' मात्र खोडलं नाही. पुढे फक्त 'पहले' असं लिहिलं.

माझी बायको डॉक्टर आहे. बदलापूरला, खरवईकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचा लहानसा दवाखाना आहे. एका बाजूला नव्या इमारतींतली नोकरदार माणसं आणि दुसऱ्या बाजूला मूळ गावातली, असे दोन्हीकडचे पेशंट. गावात आडनावं मोजकी आणि नावंही घराघरांत तीच, आजोबांचं नातवाला. 'बाळाराम पाटील' अशी हाक मारली की बाकावरून तीन माणसं उठायची आणि एक झोपलेला असायचा, तोही बाळारामच. बायको म्हणाली, मोबाइल नंबरवरून शोधू. पण एक मोबाइल अख्ख्या घराला. मुलीच्या खोकल्याचं औषध आजोबांच्या नावावर निघालं, तेव्हा मामांना बोलावलं. मामांचा चेहरा असा उजळला की तसा मी लग्नातही पाहिला नव्हता. दोन आठवड्यांत त्यांनी सगळं उभं केलं. प्रत्येक पेशंटला एक नंबर. त्या नंबरात ना गाव, ना वय, ना काही. "अर्थ असला की तो एक दिवस बदलतो," मामा म्हणाले, "म्हणून नंबर निरर्थक हवा." आयुष्यात इतक्या आदराने निरर्थक हा शब्द उच्चारलेला मी दुसरीकडे कुठे ऐकला नाही.

तेव्हापासून दर शनिवारी मामा अंबरनाथहून येऊन काउंटरशेजारी खुर्ची टाकून बसायला लागले. नव्या पेशंटची नोंद होत असली की ते पुढे वाकून विचारायचे, "याआधी दुसऱ्या कुठल्या नावाने इथे आला होतात का?" माणसं चिडायची. एकाने तर "मी काय फरारी आहे का?" म्हणून आवाज चढवला. बायको मला म्हणायची, मामांना सांग रे काहीतरी. मी सांगायला जायचो आणि टेबलं जोडून परत यायचो.

अशाच एका शनिवारी खरवईतली एक सून आपल्या सासूला रिक्षातून घेऊन आली. म्हातारीच्या पायाला शेतात काहीतरी लागलं होतं, पाय गुडघ्यापर्यंत सुजून लाल झालेला, अंगात ताप. सुनेने आधार कार्ड पुढे केलं. लक्ष्मीबाई भोईर. काउंटरवरच्या मुलीने शोधलं, नाव सापडलं नाही, म्हणून नवीन नंबर दिला. म्हातारीला लगेच आत नेलं. पाय पाहून बायकोने विचारलं, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का? सून म्हणाली, "नाय मॅडम, कायच नाय. दवाखान्यातच पहिल्यांदा आणलंय त्यांना." ती घरात नवीन होती, तिला जे ठाऊक ते तिने सांगितलं. म्हातारी ग्लानीत. बायकोने इंजेक्शन काढायला घेतलं, आणि सून चिठ्ठी घेऊन बाहेर आली.

मामांनी तिला अडवलं. "सासूबाई याआधी दुसऱ्या कुठल्या नावाने इथे आल्या होत्या का?"

"नाय ओ काका. एकच नाव हाय त्यांचं."

"माहेरचं?"

सून थबकली. "माहेरचं चांगुणा. पण आमच्या घरात त्यांच्या मोठ्या जावेचं नाव पण चांगुणा, म्हणून लग्नात यांचं बदललं. ते आता कोण म्हणत नाय."

"माहेर कुठलं? आडनाव?"

माहेर पलीकडच्या गावातलं, पाटलांचं. मामांनी काउंटरवरच्या मुलीला बाजूला सारलं आणि स्वतः की-बोर्डवर बसले. चांगुणा पाटील. एक ओळ आली. आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी बायको माहेरी होती, तेव्हा काही महिने एक तरुण डॉक्टर दवाखाना सांभाळत होते, त्या काळातली. म्हातारी तेव्हा भावाकडे राहायला आली होती आणि भावाने आणताना तिचं त्याला माहीत असलेलं नाव सांगितलं होतं. खाली डॉक्टरांनी लिहिलेलं होतं: पेनिसिलिनने अंगभर गांधी, श्वास लागला, पुन्हा देऊ नये.

मामा कधी घाईने चालत नसत. त्या दिवशी ते खुर्ची पाडून उठले आणि पडदा बाजूला करून थेट आत शिरले. "पोरी, थांब." बायकोच्या हातात सुई होती, दंड पुसून झाला होता. ती रागावून वळली, पण मामांच्या चेहऱ्यात काहीतरी होतं. तिने हात मागे घेतला. मामांनी म्हातारीच्या कानाशी वाकून विचारलं, "चांगुणाबाई, भावाबरोबर इथे आला होता का तुम्ही?"

म्हातारीने डोळे उघडले. "हां," ती म्हणाली. "भावानी आनलेलं मना. सुई दिली न् आंगावर सगल्या गांधी उठल्या." आणि मग, जरा वेळाने, "तू कोन? चांगुणा कसा म्हनतंस मना?"

दुसरं औषध दिलं. पाय पुढे बरा झाला. पण त्या दुपारी बायको खुर्चीत नुसती बसून होती. मी शाळेतून आलो तर ती म्हणाली, "मामा नसते तर," आणि उठून हात धुवायला गेली.

मला वाटलं, आता मामांच्या विजयाला पारावार राहणार नाही. पुढची सगळी वर्षं आम्हाला हे ऐकावं लागणार. म्हणून तयारीनेच मी त्यांच्याजवळ गेलो, तर मामा काउंटरवर गार झालेला चहा पुढे घेऊन बसले होते. पडद्यावर दोन ओळी होत्या. चांगुणा पाटील आणि लक्ष्मीबाई भोईर.

"जावईबापू, यात चूक दाखवा," ते म्हणाले.

मी पाहिलं. मला एरवीही काही दिसत नसे.

"नंबर रिकामा नाही. एकासारखा दुसरा नाही. बदललेला नाही. टेबल एकदम शुद्ध आहे." त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. "आणि बाई मरत होती."

"पण तुम्हीच तर वाचवलं, मामा."

"मी विचारलं म्हणून. टेबलाने काय केलं? दोन ओळी एकसारख्या नाहीत एवढंच त्याला कळतं. दोन ओळींमागे बाई एकच आहे हे त्याला कुठून कळणार? त्याला बाई दिसतच नाही."

एवढं साधं वाक्य मामा पहिल्यांदाच बोलले होते आणि मला पहिल्यांदाच सगळं समजलं होतं. आणि नेमकं त्याच वेळी मामांना काही समजेनासं झालं होतं.

पुढच्या शनिवारी म्हातारी पट्टी बदलायला आली, तेव्हा मामांनी दोन ओळींची एक करायला घेतली. ते काम मी समजत होतो तसं पुसून टाकण्याचं नव्हतं. जो नंबर जाणार, त्याच्या नावावरच्या साऱ्या भेटी, औषधं, तपासण्या आधी दुसऱ्या नंबराखाली नेऊन बसवायच्या. "आधी आईच पुसली, तर पोरं कुणाची म्हणून सांगायची?" मामा म्हणाले. मग त्यांनी म्हातारीलाच विचारलं, वर नाव कुठलं ठेवू? आधार कार्डावरचं ठेवावं असं बायकोचं मत होतं. म्हातारीने पायाची पट्टी चाचपली. "चांगुणा ठेव," ती म्हणाली. "लक्ष्मी म्हनाला सगला घर हाय. चांगुणा म्हनाला कोन हाय आता? भाव पन गेला."

मामांनी चांगुणा ठेवलं. लक्ष्मीबाई खाली, दुसरं नाव म्हणून. आणि त्यानंतर मामा बदललेच. पूर्वी ते माणसाला एक नंबर देऊन मोकळे व्हायचे. आता माणसाला धरून बसायला लागले. माहेर कुठलं, घरात काय म्हणतात, शाळेत काय नाव होतं, सोयरीक कुठे. बाकावरची माणसं सुरुवातीला गोंधळली, मग खुलली. पायाचं दुखणं घेऊन आलेली माणसं आजोळच्या विहिरीपर्यंत जाऊन पोचायची. बायको आतून ओरडायची, "मामा, ओपीडी आहे ही." चांगुणाबाई तर पाय बरा झाल्यावरही शनिवारी चक्कर टाकत. जांभळांच्या दिवसांत पानात बांधून जांभळं आणत. मामा त्यांना चांगुणाबाई म्हणून हाक मारत आणि त्या "काय" म्हणत, आणि याच्यापुढे त्यांचं फारसं बोलणं नसे. मामा कधीकधी मध्येच मला म्हणायचे, "जावईबापू, माणूस म्हणजे नक्की कुठली ओळ?" मी मान हलवायचो. आता मला खरोखरच उत्तर ठाऊक नसायचं.

गेल्या वर्षी मामी गेल्या. मामांची मुलगी नागपूरला असते, ती त्यांना घेऊन गेली. दवाखान्यात आता एक नवीन ॲप आहे, ते मोबाइल नंबरवरच शोधतं, आणि चुकलं की आम्ही दोघंही एकाच वेळी काउंटरशेजारच्या खुर्चीकडे बघतो. रविवारी मी मामांना फोन करतो. सुरुवातीला ते फार कमी बोलत. मुलगी-जावई दिवसभर कामावर, ओळखीचं कोणी नाही, ऊन असं की बाहेर पडवत नाही. दुसऱ्या नावाने आला होता का, असं विचारायला आधी पहिल्या नावाचा तरी माणूस समोर हवा, ते एकदा म्हणाले.

हल्ली मात्र आवाज बरा वाटतो. परवा मी विचारलं, "कसं चाललंय मामा?"

"घोळ चाललाय," ते म्हणाले. "पलीकडच्या विंगमध्ये माझ्याच नावाचा एक गृहस्थ आहे. नाव तेच, आडनाव तेच, बँकेतून निवृत्त. माझी कुरिअरं सगळी त्याच्याकडे जातात. संध्याकाळी आणून देतो बिचारा. मग बसतो, चहा घेतो. पत्ते बरे खेळतो."

"मग कुरिअरवाल्याला फ्लॅटचा नंबर नीट सांगून टाका की," मी म्हणालो. मामांना नंबराबद्दल काही सांगायची संधी मला जन्मात पहिल्यांदाच मिळत होती.

पलीकडे मामांनी आवाज खाली आणला.

"सांगितला होता," मामा म्हणाले. "मग सगळं बरोबर माझ्याच दारात यायला लागलं. आठवडाभर तो फिरकलाच नाही."

"मग?"

"मग मी पुन्हा नुसतं नाव आणि सोसायटी एवढंच लिहायला लागलो. पोरीला सांगू नका."

मी नाही सांगणार म्हटलं. आता काय मागवलंय, असं सहज विचारलं.

"टॉर्च."

"टॉर्च कशाला, मामा? तिकडे वीज जाते का?"

"छे, वीज कुठे जाते," मामा म्हणाले. "बुधवारपर्यंत येईल असं म्हणालेत."